मदत हवी आहे: एसएसडी यूएसबीवर लावली की डेबियन लिनक्स इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी मेमरीत येणारी छोटी फाइल सिस्टिम) प्रॉम्प्टवर अडकतं. बूट इमेज उघडून बघायची कशी?

चाळकमिटी:
नमस्कार मंडळी. हिंदमाताजवळ आमच्या चाळ कमिटीचं ऑफिस आहे, तेही तळमजल्यावर. जुलैत पाणी भरलं तेव्हा काय झालं असेल ते दादर-परळवाल्यांना वेगळं सांगायला नको. मदरबोर्ड गेला, एसएसडी वाचली. तिच्यावर डेबियन १२ आहे, मेंटेनन्सचा सगळा हिशेब आहे आणि गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या छापायची सेटिंगही.

आता एका भाडेकरूने मिनी पीसी दिलाय. एएमडीचा आहे, पण आत साटा पोर्टच (डिस्क थेट जोडायची जागा) नाही. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी केस आणली आणि एसएसडी तिच्यात घातली. ग्रबचा (बूट लोडरचा) मेनू छान येतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू होतो, मग बराच वेळ काळा पडदा आणि शेवटी "गेव्ह अप वेटिंग फॉर रूट" छापाचा मेसेज (रूट म्हणजे सिस्टिमचं मुख्य पार्टिशन), खाली अलर्ट की अमुक यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) अस्तित्वात नाही. पुढे बिझीबॉक्सचा (छोट्या कमांड-संचाचा) इनिटरॅमएफएस प्रॉम्प्ट. तिथे /डेव्ह मध्ये एसडीए वगैरे काहीच दिसत नाही.

गंमत म्हणजे हीच एसएसडी शेजारच्या बिल्डिंगमधल्या जुन्या इंटेल मशीनला साटा केबलने लावली की मुकाट चालू होते. तिथे बसून इनिटरॅमएफएस.कॉन्फ उघडली, मॉड्यूल्स=मोस्ट (बहुतेक सगळे ड्रायव्हर घ्या) असंच लिहिलेलं आहे. तरी इमेज नव्याने बनवणारं अपडेट-इनिटरॅमएफएस चालवलं. यूएसबीवर पुन्हा तेच.

मग म्हटलं, इमेजच उघडून बघू. ती इमेज म्हणजे इनिटआरडीची फाइल, ती सीपीआयओने (आर्काइव्ह बांधायच्या-सोडवायच्या टूलने) सोडवली, तर हातात आला एकच फोल्डर, नाव कर्नल, आणि आत खोलवर जेन्युइनइंटेल.बिन एवढी एकच फाइल. बाकीचं कुठे गेलं? फाइल एवढी मोठी आहे ती कशाने? आणि मिनी पीसी एएमडीचा असताना आत इंटेलची फाइल, हेच तर कारण नाही ना? ड्रायव्हर हाताने आत टाकता येईल का?

सेंट्रल_स्लो:
ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीला रूटडिले=६० लावून बघा, म्हणजे तो डिस्कची ६० सेकंद वाट बघेल. नाही जमलं तर सरळ नवीन डेबियन टाका, अर्ध्या तासाचं काम.

चाळकमिटी:
रूटडिले आज लावून बघतो. नवीन टाकायला हरकत नाही हो, पण पावत्यांच्या प्रिंटरची सेटिंग ज्यांनी केली ते आता गावी असतात. ती पुन्हा बसवायला अर्धा तास पुरणार नाही.

बूटपॉलिश:
इमेज फुटलेली नाही, निश्चिंत राहा. ती एक फाइल दिसते, पण आत एकामागे एक दोन सीपीआयओ आर्काइव्ह चिकटवलेले असतात. पहिला छोटा, कॉम्प्रेस न केलेला, त्यात फक्त सीपीयूचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या). कर्नलला तो अगदी सुरुवातीला, काहीही उलगडायच्या आधी लागतो, म्हणून तो तसाच उघडा ठेवतात. त्याच्यामागे खरा मोठा आर्काइव्ह, डेबियन १२ वर झेडस्टँडर्ड पद्धतीने दाबलेला (कॉम्प्रेस केलेला). सीपीआयओ पहिला आर्काइव्ह संपला की थांबतं, पुढे बघत नाही.

म्हणून अनमेकइनिटरॅमएफएस वापरा. फाइलचं नाव आणि एक रिकामा फोल्डर द्या. आत अर्ली आणि मेन असे दोन फोल्डर मिळतील, तुमचं हरवलेलं सगळं मेनमध्ये: इनिट स्क्रिप्ट, बिझीबॉक्स, मॉड्यूल्स (म्हणजे ड्रायव्हर). न उलगडता नुसती यादी हवी असेल तर एलएसइनिटरॅमएफएस.

इंटेलच्या फाइलचा दोष नाही. कर्नल चालू मशीनचा सीपीयू ज्या कंपनीचा, तिच्याच नावाची फाइल शोधतो, एएमडीवर ती बाजूला पडून राहते.

हाताने ड्रायव्हर टाकायचा तर टाकता येतो. मेनमध्ये मॉड्यूलच्या फाइल्स ठेवायच्या, ती ज्यांच्यावर अवलंबून तीही, मग डेपमॉड (मॉड्यूल्सची यादी बनवणारी कमांड) त्या फोल्डरवर चालवायचं, नाहीतर ती लोड करणाऱ्या मॉडप्रोबला त्या सापडणारच नाहीत. नंतर सीपीआयओने न्यूसी फॉरमॅटमध्ये बांधायचं (सीपीआयओचा जुना बायनरी फॉरमॅट कर्नलला वाचता येत नाही), मालकी रूट युजरची ठेवून, दाबायचं, आणि अर्लीचा आर्काइव्ह न दाबता त्याच्या आधी जोडायचा. शिकायला मजा येते. ऑफिसच्या मशीनवर मात्र करू नका, पुढच्या कर्नल अपडेटला नवी इमेज बनते आणि तुमची मेहनत पुसली जाते.

टर्मिनलताई:
बूटपॉलिश म्हणतात ते बरोबर, पण इथे इमेज बांधायची गरजच पडू नये. रूटडिलेही सोडा. रूळच टाकलेले नसतील तर प्लॅटफॉर्मवर कितीही थांबा, गाडी येणार नाही.

ग्रब डिस्क वाचतो तो फर्मवेअरच्या मदतीने. कर्नल आला की ती मदत संपली, त्याला स्वतःचे ड्रायव्हर लागतात: यूएसबी कंट्रोलरसाठी एक्सएचसीआय-पीसीआय, केससाठी यूएएस किंवा यूएसबी-स्टोरेज. ते रूट पार्टिशनवर आहेत, आणि रूट पार्टिशनपर्यंत पोचायलाच ते हवेत. इनिटरॅमएफएस असतं ते ह्याच कोड्यासाठी.

कमिटीवाले दादा, तुमच्या लक्षणांवरून इमेज मोस्टने नाही, डेपने बनतेय. डेप म्हणजे ज्या मशीनवर कमांड चालली तिला रूटपर्यंत जायला जेवढे ड्रायव्हर लागतात तेवढेच घ्यायचे. तुम्ही ती साटावाल्या मशीनवर चालवताय, म्हणून दरवेळी साटाचाच डबा भरून मिळतो.

"पण फाइलमध्ये मोस्ट लिहिलंय" म्हणाल. इनिटरॅमएफएस-टूल्सच्याच फोल्डरात कॉन्फ.डी नावाचा फोल्डर आहे, तिथे ड्रायव्हर-पॉलिसी नावाची फाइल आहे का बघा. डेबियन बसवताना एक्स्पर्ट पद्धतीत ड्रायव्हर सगळे घ्यायचे की मोजके असा प्रश्न येतो. मोजके निवडलं की इन्स्टॉलर ती फाइल लिहितो, आणि कॉन्फ.डीमधलं मुख्य फाइलच्या वरचढ ठरतं.

चाळकमिटी:
ताई, आहे! आत एकच कामाची ओळ, मॉड्यूल्स=डेप. बसवणाऱ्याने डिस्कवर जागा वाचवली असावी. तिथे मोस्ट करू का फाइलच उडवू?

टर्मिनलताई:
मोस्ट करा, म्हणजे पुढे कोणी बघितलं तर कळेल. मग त्याच साटावाल्या मशीनवर अपडेट-इनिटरॅमएफएसला -यू -के ऑल देऊन सगळ्या कर्नलच्या इमेज पुन्हा बनवा. त्याआधी सध्याच्या इमेजची कॉपी घरच्या पेनड्राइव्हवर ठेवा. एसएसडी काढण्याआधी एलएसइनिटरॅमएफएसच्या यादीत ग्रेपने यूएएस आणि एक्सएचसीआय शोधा. दिसले तरच केबल काढा, उगाच दोन बिल्डिंगमध्ये जिने चढउतार नको.

चाळकमिटी:
चालू झालं! यादीत यूएएस.केओ, एक्सएचसीआय-पीसीआय दोन्ही दिसले, इमेज आधीच्या कितीतरी पट मोठी झाली. मिनी पीसीवर सरळ लॉगिन स्क्रीन. प्रिंटरही पावती छापतोय. अनमेकइनिटरॅमएफएसनेही उघडून बघितलं, मेनमधली इनिट ही साधी शेल स्क्रिप्ट आहे हे बघून धक्काच बसला.

बूटपॉलिश:
ती वाचाच एकदा. आणि कुठे अडतंय ते बघायचं असेल तर ग्रबमधून ब्रेक=प्रीमाउंट द्या, रूट माउंट व्हायच्या आधी प्रॉम्प्ट मिळतो. स्वतःचं काही घालायचं असेल तर हुक्स फोल्डरात स्क्रिप्ट ठेवा, एक्झिक्युटेबल करायला विसरू नका. ती प्रत्येक अपडेटला आपोआप चालते.

टर्मिनलताई:
एक राहिलं. /बूट वेगळं पार्टिशन असेल तर डीएफ कमांडने मोकळी जागा बघा. इमेज मोठ्या झाल्या, कर्नल दोन-तीन साठले की ते भरतं आणि पुढचं अपडेट मध्येच अडकतं. जुने कर्नल ऑटोरिमूव्हने काढून टाका, चालू आणि त्याआधीचा तेवढे ठेवा.