पानगळीत घरातल्या झाडांना खत

घरातल्या झाडांसाठी सेंद्रिय खत कोणतं आणावं, असं इथे कुणी विचारलं होतं आणि त्यावर बरीच नावं आली, पण पानगळ संपत आली असताना ते आत्ताच घालावं का, हा प्रश्न मला आधीचा वाटतो. माझं मत, घरातल्या बहुतेक झाडांना नको. दिवस लहान झाले की उजेड कमी, उजेड कमी की वाढ मंद, आणि न वापरलेले क्षार कुंडीत साचत जातात. मग पानांच्या कडा तपकिरी होतात आणि खत कमी पडलं समजून आपण आणखी घालतो! शिवाय सेंद्रिय खतातलं नत्र मातीतले सूक्ष्मजीव मोकळं करतात. थंड मातीत तेही सुस्तावतात. ग्रो लाइटखाली (झाडं वाढवायच्या दिव्याखाली) झाड नवी पानं काढत असेल, तर निम्म्या मात्रेत द्रवखत चालेल.

विकत घ्यायचंच तर चाळलेलं गांडूळखत. वास नाही, थोडं जास्त पडलं तरी मुळं सहसा जळत नाहीत. मासळीचं द्रवखत उत्तम, पण बंद खोलीत... नकोच. कॉफीचा चोथा कुंडीत वर पसरू नका, बुरशी धरते. केळीच्या सालीच्या पाण्यात नत्र नगण्य, त्यावर भिस्त ठेवू नये.

बागेत मात्र आत्ता खरं काम आहे ते गळलेल्या पानांचं. ओली करून भोकं पाडलेल्या पिशवीत भरून ठेवा. वर्ष-दोन वर्षांत पानांचं खत तयार होतं. पोषण बेताचंच, पण ओल छान धरतं, कुंडीच्या मिश्रणात कोकोपीटऐवजी (नारळाच्या काथ्याच्या भुशाऐवजी) वापरता येतं. रोगट पानं तेवढी वगळा.