शाळेत दाखवण्यासाठी निसर्गाचे व्हिडिओ कुठून आणि कसे उतरवावेत?

घाटमाथा_गुरुजी

नमस्कार. मी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एका जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते सातवीच्या वर्गांना शिकवतो. शाळेकडे एक लॅपटॉप आणि जुना प्रोजेक्टर आहे. पावसाळ्यात मात्र मोबाइलचे नेटवर्क अनेकदा दिवसभर नसते, त्यामुळे वर्गात थेट इंटरनेटवरून काही दाखवता येईल याची खात्री नसते. आमच्या मुलांनी शेकरू आणि गवा गावाजवळच पाहिलेले आहेत. परंतु झाडाच्या ढोलीत कोंडून घेतलेल्या मादीला धनेशाचा नर कसा भरवतो, समुद्री कासवाची मादी वाळूत अंडी कशी घालते, खोल समुद्राच्या अंधारात कोणते जीव राहतात, हे त्यांना डोळ्यांनी पाहता यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

व्हिडिओ अधिकृतपणे उतरवून घेता येतील अशी ठिकाणे कोणती? किती दर्जाचा व्हिडिओ घ्यावा, म्हणजे रोजचा डेटाही संपणार नाही आणि पडद्यावर चित्रही फाटणार नाही? काही फायली लॅपटॉपवर नीट चालतात, पण पेन ड्राइव्हवरून प्रोजेक्टरला लावल्या की उघडत नाहीत. त्याचे कारणही समजावून सांगावे.

सागरवेळा

गुरुजी, नमस्कार. आधी परवानगीविषयी लिहितो, कारण त्यावरच बाकीचे ठरते. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 नुसार शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, केवळ शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती यांच्यापुढे एखादा चित्रपट दाखवणे हा हक्कभंग मानला जात नाही. वर्गात दाखवण्याबद्दल त्यामुळे आपण निश्चिंत राहावे. मात्र दाखवण्याची मुभा आणि उतरवून घेण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी स्वतः दिलेल्या बटणाखेरीज अन्य मार्गाने व्हिडिओ उतरवता येत नाही, आणि त्या बटणाने घेतलेला व्हिडिओ ॲपमध्येच राहतो. तो पेन ड्राइव्हवर नेता येत नाही आणि ठरावीक काळात फोन इंटरनेटला जोडला नाही तर उघडतही नाही. व्हिडिओ उतरवून देण्याचा दावा करणारी जी असंख्य संकेतस्थळे आहेत, त्यांच्यापासून शाळेचा लॅपटॉप दूरच ठेवावा, कारण तिथे खरे बटण कोणते आणि जाहिरातीचे कोणते हे ओळखणे कठीण असते आणि नको ते सॉफ्टवेअर सहज आत शिरते.

ज्यांनी स्वतःहून फाइल देऊ केली आहे अशा ठिकाणी जाणे उत्तम. खोल समुद्रासाठी अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेच्या सागरशोध विभागाचे संकेतस्थळ पाहावे. त्यांच्या ‘ओकिआनोस एक्सप्लोरर’ जहाजावरून ‘डीप डिस्कव्हरर’ हे दूरनियंत्रित यान 6000 मीटर खोलीपर्यंत उतरू शकते, आणि त्याने टिपलेले ऑक्टोपस, काचस्पंज, प्रवाळ यांचे व्हिडिओ तिथे आहेत. अमेरिकी सरकारी संस्थांनी स्वतः तयार केलेल्या साहित्यावर त्या देशात सहसा कॉपीराइट नसतो. संस्थेला श्रेय देणे एवढीच अपेक्षा असते. नासाच्या चित्र-व्हिडिओ संग्रहातून पृथ्वीवरील वादळे आणि विजा अवकाशातून कशा दिसतात ते घेता येते, आणि तिथे बहुतेक व्हिडिओ लहानमोठ्या अनेक आकारांत मिळतात, हे आपल्यासारख्यांना फार सोयीचे आहे.

आपल्याकडच्या प्राण्यांसाठी मी विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्र-व्हिडिओ संग्रहाची शिफारस करेन. तिथे शोधताना प्राण्याचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहावे: शेकरूसाठी ‘रटुफा इंडिका’ (Ratufa indica), मोठ्या धनेशासाठी ‘ब्युसेरॉस बायकॉर्निस’ (Buceros bicornis), आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवासाठी ‘लेपिडोकेलिस ऑलिव्हेसिया’ (Lepidochelys olivacea). प्रचलित नावाने शोधल्यास भलत्याच प्राण्यांची गर्दी होते, शास्त्रीय नावाने नेमका प्राणी सापडतो. प्रत्येक फाइलखाली परवाना लिहिलेला असतो; बहुधा तो क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे निर्मात्याने सर्वांना आधीच दिलेल्या वापर-परवानगीचा, असतो आणि निर्मात्याचे नाव देण्याची अट त्यात असते. ते नाव मुलांनाही वाचून दाखवावे असे मला वाटते, कारण एका दृश्यासाठी कोणीतरी तासन्‌तास ओल्या रानात बसलेले असते. इंटरनेट आर्काइव्हवरही पुष्कळ साहित्य आहे, परंतु तिथे कोणीही काहीही चढवू शकतो, म्हणून तिथली प्रत्येक गोष्ट मुक्तच असेल असे गृहीत धरू नये.

पडद्यामागचा

दर्जा आणि फायलींबद्दल लिहितो, कारण निसर्गाच्या व्हिडिओंत ही अडचण इतर कोणत्याही व्हिडिओपेक्षा जास्त येते.

व्हिडिओमध्ये सेकंदाला साधारण 25 ते 30 चित्रे असतात; परंतु फाइलमध्ये प्रत्येक चित्र पूर्ण साठवले जात नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवले जाते आणि मधल्या चित्रांसाठी केवळ काय बदलले तेवढेच नोंदवले जाते. फांदीवर स्तब्ध बसलेल्या घुबडाचा व्हिडिओ त्यामुळे अगदी लहान फाइलमध्येही स्वच्छ दिसतो. याउलट धबधबा, कोसळणारा पाऊस, वाऱ्याने हलणारे गवत, रोहितपक्ष्यांचा उडणारा थवा यांत एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना जवळजवळ सगळेच बदलते, नोंदवायला जागा अपुरी पडते आणि चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. आपण ज्याला चित्र फाटणे म्हणता ते बहुतेक वेळा हेच असते. म्हणून 480पी किंवा 720पी हा आकडा (चित्राच्या उंचीतील बिंदूंची संख्या) एकटा पाहून निर्णय घेऊ नये. फाइलचा आकार आणि लांबी यांवरून सेकंदाला किती माहिती मिळते ते पाहावे. सेकंदाला 5 मेगाबिट (8 मेगाबिट म्हणजे 1 एमबी) असलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ सुमारे 375 एमबीचा होतो, तर दीड मेगाबिटचा सुमारे 112 एमबीचा. स्थिर दृश्यासाठी दुसरा पुरेसा आहे. पाणी आणि थवे असतील तेव्हा पहिल्याला प्राधान्य द्यावे आणि हवे तर व्हिडिओच कमी लांबीचा निवडावा.

शाळांतील अनेक जुन्या प्रोजेक्टरांची क्षमता आडवी 1024 आणि उभी 768 बिंदूंची असते. त्यावर रुंद चित्र लावले की प्रत्यक्षात 1024 गुणिले 576 एवढेच बिंदू वापरले जातात. अशा प्रोजेक्टरसाठी 720पी पुरून उरते. 4के उतरवण्यात डेटा आणि वेळ दोन्ही विनाकारण खर्च होतात.

आता न उघडणाऱ्या फायली. व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबून साठवला आहे यावर तो कुठे चालेल हे ठरते. विकिमीडिया कॉमन्सवरील व्हिडिओ बहुधा वेबएम प्रकारचे असतात, आणि नव्या व्हिडिओंत एव्ही1 किंवा एचईव्हीसी या पद्धती असतात; जुन्या टीव्ही-प्रोजेक्टरांना त्या वाचता येत नाहीत. एमपी4 फाइल, आत एच.264 पद्धतीचे चित्र आणि एएसी ध्वनी, ही जोडी जवळजवळ सर्वत्र चालते. लॅपटॉपवर व्हीएलसी हा मोफत प्लेअर ठेवल्यास यांतील कोणतीही फाइल पाहता येते, आणि हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने ती एच.264 मध्ये बदलता येते. मात्र प्रत्येक बदलात थोडा दर्जा जातो, म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे पेन ड्राइव्ह टाळून लॅपटॉपच केबलने प्रोजेक्टरला जोडणे. पेन ड्राइव्हच वापरायचा असेल तर तो फॅट32 पद्धतीचा आहे का ते पाहावे; त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

नेटवर्क तुटत असेल तर अर्धवट राहिलेली फाइल तिथूनच पुढे उतरवणारा डाउनलोड मॅनेजर वापरावा, आणि शिल्लक राहिलेला रोजचा डेटा रात्री बारापूर्वी वापरून घ्यावा. उतरलेली फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून पाहिल्याशिवाय वर्गात नेऊ नये.

रानवाट

नेटवर्क असेल त्या दिवशी थेट प्रक्षेपण अवश्य दाखवावे, कारण पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसते आणि मुले त्या वेळी जितकी एकाग्र असतात तितकी संकलित व्हिडिओपुढे नसतात. अलास्कातील काटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स धबधब्यावर ‘एक्सप्लोर’ या संकेतस्थळाचे कॅमेरे असतात. जुलैमध्ये तिथे सॉकाय सामन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारत वर जातात आणि तपकिरी अस्वले ते हवेतच पकडतात. उन्हाळ्यात अलास्का आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. आपल्याकडे सकाळी साडेदहाला शाळा भरते तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, पण जुलैत तिथे सूर्य बहुतेक दिवस अकरा वाजून गेल्यावर मावळतो, म्हणजे शाळेचे पहिले तास प्रकाशातच सापडतात. दुपारच्या सत्रात मात्र पडदा काळोखा दिसेल. कॅलिफोर्नियातील माँटेरे बे मत्स्यालयाचे कॅमेरेही सुंदर आहेत, परंतु त्यांचा दिवस ही आपली रात्र असल्यामुळे शाळेला त्यांचा उपयोग कमी.

दुसरी गोष्ट सत्यतेची आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. सध्या संगणकाने बनवलेले प्राण्यांचे खोटे व्हिडिओ फार झपाट्याने पसरत आहेत. ज्या व्हिडिओखाली प्रजातीचे नाव, ठिकाण आणि काळ यांपैकी काहीच नाही, तो वर्गात दाखवू नये. तसेच अजगराच्या विळख्यातून पिल्लाला वाचवल्याची जी दृश्ये फिरतात, त्यांतील अनेक दृश्यांत त्या जिवाला मुद्दाम संकटात टाकलेले असते. ती पाहणाऱ्यांच्या संख्येवरच हा धंदा चालतो, म्हणून ती उघडूच नयेत. चांगल्या माहितीपटांतही ध्वनी पुष्कळदा नंतर जोडलेला असतो, कारण दूरच्या भिंगातून प्राणी दिसतो पण त्याचा आवाज कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पक्ष्यांचे खरे आवाज ऐकवायचे असतील तर ‘झेनो-कँटो’ या संकेतस्थळावरून एमपी3 फायली उतरवाव्यात. त्या अगदी लहान असतात आणि प्रत्येकीबरोबर ध्वनिमुद्रणाचे ठिकाण व तारीख दिलेली असते. चित्र बंद ठेवून आधी केवळ आवाज ऐकवला तर आपल्या रानातील किती पक्षी मुले ओळखतात ते दिसेल.

धनेशाच्या ढोलीचे दृश्य मुक्त परवान्यात मिळाले नाही, तर ज्यांनी ते टिपले आहे त्यांना सरळ पत्र लिहावे. शाळा कोणती, विद्यार्थी किती, फाइल कुठे ठेवली जाईल आणि पुढे कोणाला दिली जाणार नाही, एवढे स्पष्ट लिहिले की आपल्याकडचे निसर्गछायाचित्रकार सहसा नाही म्हणत नाहीत.

घाटमाथा_गुरुजी

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. प्रोजेक्टरच्या क्षमतेचा विचार मी कधी केलाच नव्हता. एकच शंका उरली आहे: वर्गात दाखवलेले व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवावेत का? काही पालक कामासाठी पुण्या-मुंबईला असतात आणि मुले काय पाहतात हे त्यांनाही पाहायचे असते.

सागरवेळा

क्रिएटिव्ह कॉमन्सचे किंवा नोआ, नासा यांचे व्हिडिओ निर्मात्याच्या नावासह पाठवायला हरकत नाही. परवानगी मागून मिळवलेली फाइल मात्र पाठवू नये, कारण आपण ती वर्गापुरती मागितलेली असते. यूट्यूबवरील व्हिडिओंचा केवळ दुवा पाठवावा. आणि जी फाइल पाठवाल ती व्हिडिओ म्हणून नव्हे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी. व्हिडिओ म्हणून जोडल्यास व्हॉट्सॲप तिला पुन्हा दाबून लहान करते, आणि वर सांगितलेले चौकोनी तुकडे पालकांच्या फोनवर दिसू लागतात.