परीचं घर करायचंय बाल्कनीतल्या कुंडीत, आयडिया द्या प्लीज

चिमणीचीआई:
नमस्कार मंडळी. सुट्टी लागली आणि आमच्या ६ वर्षांच्या बाईसाहेबांनी डोक्यात घेतलंय की बाल्कनीत परी राहायला आली पाहिजे, तिला घर, झोका, अंथरूण सगळं हवं. धाकटा ४ वर्षांचा, तो जे दिसेल ते तोंडात घालतो. ऑनलाइन किट बघितले तर सगळं प्लॅस्टिक आणि किंमत बघून डोळे पांढरे झाले. सिंहगड रोडला फ्लॅट, अंगण वगैरे काही नाही, एक पसरट कुंडी मोकळी आहे. सामान कुठे मिळेल आणि ग्लू गन मुलांच्या हातात दिलेली चालते का?

पेठेतला_पक्या:
अहो दिवाळीत किल्ला करतो तस्संच करायचं की! कुंडीत माती थापून जरा डोंगर करा, वर अळीव भुरभुरा आणि हाताने पाणी शिंपडत राहा, बदाबदा ओतलं तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. तीन-चार दिवसांत हिरवंगार. उन्हाळा आहे, त्यामुळे सावलीत ठेवा आणि कोंब फुटेपर्यंत वर ओलं फडकं टाका. मावळ्यांच्या जागी परी, बास. मणी, लेस, टिकल्या बोहरी आळीत घ्या, पण गाडी घेऊन जाऊ नका, परी म्हातारी होईल पार्किंग मिळेपर्यंत.

टेकडीवाली:
पंखांना जिलेटिन पेपर अजिबात आणू नका. आत्ता वावळाच्या झाडाच्या पापड्या सगळीकडे पडल्या असतील, रस्त्याच्या कडेला ढीग असतो नुसता. त्या पातळ, गोल असतात, मधे बी, उजेडात धरलं की शिरा दिसतात. दोन चिकटवल्या की छोट्या परीचे पंख तयार. महोगनीचं झाड असेल तर खाली जाड लाकडी टरफलं पडलेली असतात, त्यात वातीचा कापूस घातला की पलंग झाला.
मोठे पंख हवे असतील तर पिंपळाची पानं पाण्यात बुडवून ठेवा, अधूनमधून पाणी बदला, तीन-चार आठवड्यांत हिरवा गर कुजतो, मग जुन्या मऊ ब्रशने हलक्या हाताने घासलं की नुसती जाळी राहते. वास येतो हां, आधीच सांगते. घाई असेल तर धुण्याच्या सोड्यात उकळतात, पण ते काम मोठ्यांनी ग्लोव्हज घालून करायचं, मुलं लांब.

निळू_काका:
एक गंभीर गोष्ट. त्या तारेच्या छोट्या लाइट्स मिळतात ना, त्यातल्या बऱ्याच बटन सेलवर चालतात. तुमचा धाकटा तोंडात घालतो म्हणताय म्हणून लिहितोय, तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर २ तासांतही आतून भाजल्यासारखी जखम होते. पेन्सिल सेलचा डबा असलेली माळ घ्या, झाकणाला स्क्रू असलेली, आणि डबा वर कुठेतरी टांगा. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. मणीसुद्धा तो झोपल्यावरच काढा. ग्लू गन तुमच्याच हातात राहू दे, मुलांना फेविकॉल द्या, वाळायला वेळ लागतो पण तेवढीच घरात शांतता.

पेठेतला_पक्या:
काका बरोब्बर. आणि ती चमकी पण नको, दिवाळीपर्यंत जेवणात सापडते.

चिमणीचीआई:
धन्यवाद सगळ्यांना _/\_ बटन सेलचं खरंच डोक्यात नव्हतं, आणलेली माळ परत कपाटात टाकली, सर्वात वरच्या कप्प्यात. आमच्या सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, परी कसली आणताय, पाण्याजवळ आसरा (जलदेवता) असतात त्यांना म्हणावं या राहायला, त्यावर लेकीने लगेच कुंडीत तळं पाहिजे म्हणून हट्ट धरलाय. पिंपळाची पानं आणलीत, बादली टेरेसवर ठेवतेय नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर वासाचा मेसेज येईल. तळ्याला काय वापरू? साचलेल्या पाण्यात डास होतील ना?

टेकडीवाली:
होणारच. पाणी नकोच, जुना छोटा आरसा मातीत दाबा, कडांना मात्र आधी जाड टेप मारा. कडेने अळीव पेरा, उगवले की काठ झाकला जातो.