करार मंजूर झाला म्हणे, पण मतदान झालं का?

अंबडवाला
काल भाच्याचा फोन आला, चाकणहून. त्यांचा वेतन करार गेट मीटिंगला हात वर करून मंजूर. सेकंड शिफ्ट बसमधून उतरतेय तोवर घोषणा झालीसुद्धा. मला आमचा करार आठवला आणि झोपच उडाली. भाषणात फक्त वाढीचा आकडा. त्या बदल्यात प्रॉडक्शन किती वाढवून द्यायचं ते कलम शेवटच्या पानावर, आणि ते पान आम्हाला सह्या झाल्यावर नोटीस बोर्डावर दिसलं. गेटच्या आत पर्सोनेलचे साहेब उभे, कोणाचा हात खाली आहे ते बघत. नुकतीच कायम झालेली पोरं साहेबांकडे बघत हात वर करत होती. मी याला मतदान मानत नाही. तुमच्याकडे कसं झालं ते लिहा.

वाळूजकर
आमच्याकडे मतपेटी होती. कँटीनमध्ये, तिन्ही शिफ्टला. आणि करार पडला! कमिटी परत बोलणीला बसली, प्रॉडक्शनचं कलम बरंच खाली आलं. म्हणजे होतं, मनात असलं तर. बस आली, बाकी रात्री.

मशीनशॉप
कायदाच बघा. आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात मान्यताप्राप्त युनियनला संपाच्या नोटिशीआधी बहुसंख्य सभासदांचं मत घ्यावं लागतं, नाहीतर संप बेकायदा. करारावर सही करायला मात्र अशी सक्ती नाही. आणि मान्यतावाल्यांची सही झाली की करार सगळ्यांना लागू, सभासद असा नसा. त्या कायद्याने मान्यतेला किमान ३० टक्के सभासद पुरतात. उरलेल्यांनी बोलायचं कुठे?

जुना_कमिटीवाला
मी कमिटीत होतो म्हणून लिहितो. पहाटेपर्यंत बसून एकेक रुपया ओढून आणायचा आणि सकाळी गेटवर प्रत्येक कलमावर वाद. असा करार वर्षभर होत नाही. फरक, म्हणजे वाढीची मागची थकबाकी, अडकला की हीच माणसं आम्हाला शिव्या घालतात. लोकांनी निवडून दिलंय तर थोडा विश्वास ठेवा ना.

अंबडवाला
काका, विश्वास आहे म्हणून तर निवडून दिलं. गेटवर वाचू नका, दोन दिवस आधी झेरॉक्स वाटा. घरी नेऊन बायकोबरोबर हिशेब करू दे माणसाला.

गिरणगावची_लेक
आमचे दादा लालबागला मिलमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ पासून संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे, पण मुंबईच्या १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने बोलणीचा हक्क एकाच प्रातिनिधिक युनियनला, आणि ती दुसरीच. दादा शेवटपर्यंत म्हणायचे, एकदा पेटी ठेवा, चिठ्ठ्या मोजा, मग ठरवा आमचा पुढारी कोण. त्या दिवसांत आईनं खानावळ चालवली. सुकटाची चटणी आणि भाकरी, उधारीची वही अजून माझ्याकडे आहे. बऱ्याच नावांपुढे 'गावी गेला' लिहिलंय.

पोस्टमनचा_मुलगा
ताई, डोळे भरून आले. खानावळ कुठे होती? आम्ही चिंचपोकळीचे.

डेट्रॉइटहून
इथे अमेरिकेत २०२३ मध्ये वाहन कामगारांच्या संपानंतर कराराचे मुख्य मुद्दे आधी सगळ्यांना दिले, मग प्रत्येक शाखेत मत. जनरल मोटर्सला जेमतेम ५५ टक्के 'हो' आले, काही मोठ्या कारखान्यांनी 'नाही' म्हटलं. तरी निकाल सगळ्यांना आकड्यानिशी कळला. मला तेच मोठं वाटतं.

चाकणची_वहिनी
आमच्याकडे ह्यांनी पेढे आणले, करार झाला म्हणून. किती वाढ, कधीपासून, काही सांगेनात. आता कळलं, त्यांनाच माहीत नाही 😟 मागच्या वर्षाचा फरक एकदम मिळाला तर टॅक्स जास्त कापतात का हो?

गिरणगावची_लेक
@पोस्टमनचा_मुलगा गणेश टॉकीजच्या मागच्या बाजूला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मशीनशॉप
वहिनी, कापतात. पण फरकावर आयकरात सवलत आहे, १९६१ च्या कायद्यात ती कलम ८९ खाली होती. रिटर्न भरायच्या आधी त्या सवलतीचा फॉर्म (तेव्हा १०ई) ऑनलाइन भरायला सांगा त्यांना. आणि कराराची प्रत कमिटीकडे लेखी मागायला सांगा.