सल्ला हवा: विनाटर्बो डीआय पिकअपला घरी टर्बो बसवायचा आहे (कन्नड घाट, भरलेली गाडी)

गिरणाकाठ (चाळीसगाव तालुका)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी) पिकअप आहे. अडीच हजार सीसी, चार सिलिंडर, साधा मेकॅनिकल पंप, टर्बो नाही. भडगावकडची केळी आणि लिंबू भरून कन्नड घाटाने संभाजीनगरला न्यायचं काम असतं. सपाटीला गाडीबद्दल काही तक्रार नाही. घाट लागला की दुसऱ्या गिअरवर येते, मागून काळा धूर निघतो आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याचा काटा लाल रेघेला टेकतो म्हणून निम्म्या घाटात थांबावं लागतं. केळीचा माल उन्हात उभा राहिला की व्यापारी लगेच भाव पाडतो.

घरच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन आहे, चेनपुली आहे, इंजिन उतरवायची सवय आहे. याच इंजिनाच्या टर्बोवाल्या भावंडाचा टर्बो जुन्या बाजारात मिळतोय. हे काम कोणी केलंय का? बूस्ट (टर्बोचा हवेचा जादा दाब) किती ठेवावा, तेलाची लाइन कुठून घ्यावी, आणि इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) लागतोच का?

खालचा_मळा (अमळनेर)

भाऊ, पहिले पंप अन् नोझल दखाड, मंग टर्बोनं देख. काळा धूर म्हणजे डिझेलले हवा कमी पडी राहिनी.

पंपलॅब_धुळे

वरच्या भावाने दोन ओळीत मुद्द्याचं सांगितलं. मी पंप-नोझलचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टर्बोने ताकद येत नाही, ताकद डिझेलमधून येते. टर्बो फक्त ते डिझेल पूर्ण जळायला हवा पुरवतो. त्यामुळे नुसता टर्बो बसवून पंप तसाच ठेवला तर धूर कमी होईल, गाडी थोडी हलकी वाटेल, पण घाटात गिअर वाचेलच, म्हणजे खालचा गिअर टाकावा लागणार नाही, असं नाही. मग माणूस पंपाचं सील तोडून डिझेल वाढवतो आणि खरा धोका तिथे सुरू होतो. तुमच्या पंपाला बूस्टप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणारा डायफ्राम नसणार. म्हणजे वाढवलेलं डिझेल टर्बो फिरायला लागायच्या आधीही तेवढंच पडणार. साधारण १६०० ते १८०० आरपीएमच्या खाली बूस्ट नसतो, आणि घाटाच्या वळणावर गाडी नेमकी तिथेच असते. टर्बोवाल्या इंजिनाचा पंप डायफ्रामसकट मिळाला तर तोच घ्या, टेस्ट बेंचवर लावून घ्या.

आता आपल्याकडच्या उन्हाचा हिशोब. हवा दाबली की तापते. बाहेर ४५ अंश आहेत आणि ०.५ बार बूस्ट आहे असं धरा, म्हणजे साधारण सात पाउंड. जुन्या बाजारातल्या टर्बोची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा १०५ अंशांच्या आसपास जाते. दाब दीडपट झाला तरी हवा तापून फुगल्यामुळे प्रत्यक्षात हाती २६ टक्केच जास्त हवा येते. तीच हवा इंटरकूलरने ६० अंशांवर आणली तर वाढ ४० टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणून खानदेशात इंटरकूलर हा शौक नाही. फक्त तो रेडिएटरच्या पुढे लावाल तर रेडिएटरला गरम हवा मिळेल, आणि तुमचा काटा आधीच लाल रेघेवर आहे. त्याला बाजूला किंवा बॉनेटवर स्वतंत्र वारा द्या.

बूस्ट ०.४ ते ०.५ बार. विनाटर्बो इंजिनाच्या आत काही न बदलता त्याच्या पुढे जाऊ नका. आणि बूस्टच्या काट्याआधी एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा घ्या, त्याचा सेन्सर टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांत) बसवा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याहीआधी मऊ पडतो. पिस्टनला तेलाची आणि पाण्याची साथ असते म्हणून एक्झॉस्टमध्ये ७०० अंश थोडा वेळ चालून जातात, पण लांब चढणीवर काटा ६५० च्या वर टिकला तर पाय उचला किंवा खालचा गिअर टाका. पाण्याचा काटा हे फार उशिरा सांगतो.

सातपुडा_चढ (शहादा)

माझं मत वेगळं आहे. मी तोरणमाळच्या रस्त्याला गाडी घालतो. हजार मीटरच्या वर गेलं की हवा साधारण दहा टक्के विरळ होते, वर ४५ अंशांच्या उन्हाने आणखी पाच-सहा टक्के जाते. म्हणजे गाडीची ओढ कमी होणार हे ठरलेलंच. पण त्यावर टर्बो हाच उपाय, हे मला पटत नाही. विनाटर्बो इंजिनाच्या पिस्टनखाली तेलाचे फवारे नसतात, वरच्या रिंगेच्या खाचेत लोखंडी कडं नसतं, हेड गॅस्केट त्या दाबाचं नसतं. कंपनी टर्बो लावते तेव्हा हे सगळं बदलून लावते. सुमोचं १९४८ सीसी इंजिन १९९४ ला विनाटर्बो आलं आणि १९९८ च्या सफारीत तेवढ्याच सीसीचं टर्बोसह आलं. त्या दोन्हींच्या मधलं काम घरच्या शेडमध्ये होणारं नाही.

आणि चढताना वाढलेल्या ताकदीवर माणूस दोन क्विंटल जास्त भरतो. उतरताना ब्रेक जुनेच असतात.

पंपलॅब_धुळे

सातपुडाभाऊंचा ब्रेकचा मुद्दा मला पूर्ण मान्य. पिस्टनचाही मान्य, म्हणूनच ०.५ बार म्हणालो. गिरणाकाठ, आधी कॉम्प्रेशन मोजा. गरम इंजिन, चारही नोझल बाहेर, चांगली बॅटरी. आकडे इथे टाका. त्याआधी टर्बोचे पैसे देऊ नका.

कागदपत्र_जळगाव

कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला हे आयतं कारण मिळतं. मालाची गाडी आहे, दरवर्षी पासिंगला उभी राहणार, आणि पीयूसीला जुन्या डिझेलची धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) आहे.

टर्बोवालं पूर्ण इंजिन बसवायचं असेल तरी आरटीओची परवानगी आधी, काम नंतर. इंजिन नंबर बदलतो, तो आरसीवर चढवावा लागतो. शेतातल्या शेतात चालणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी असेल, तुमची हायवेला धावते.

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉम्प्रेशन मोजलं. पहिल्या तीन सिलिंडरला ३० बारच्या आसपास, चौथ्याला २३. नोझल काढल्यावर दोन थेंब-थेंब गळत होती. एअर फिल्टर तेलाच्या वाटीचा, जुनाच आहे. रेडिएटर उघडून पाहिला तर निम्म्या नळ्या गाळाने बंद.

खालचा_मळा (अमळनेर)

हाईच ते! आते पयलं दुखणं बरं कर, भाऊ.

पंपलॅब_धुळे

तर मग उत्तर मिळालं. सिलिंडरमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा, तुमचा वीसच्या पुढे आहे. अशा इंजिनावर टर्बो लावाल तर दाब चौथ्या पिस्टनच्या रिंगांवरून खाली चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) जाईल, ब्रीदरमधून (तिथली वाफ सोडणाऱ्या नळीतून) तेल उडेल आणि तेच तेल टर्बोच्या तोंडातून परत इंजिनात जाईल. आधी नोझल बदला, पंप कॅलिब्रेट करा, टॅपेट लावा, रेडिएटर रॉडिंग करून (नळ्यांत सळई घालून गाळ काढून) घ्या आणि तेलाच्या वाटीऐवजी कागदी एलिमेंटचा मोठा फिल्टर बसवा. चौथ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा-लायनर, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. एवढ्यावर धूर निम्म्याने उतरेल आणि घाटात पाणी उकळणं बंद होईल, हे मी खात्रीने सांगतो. गिअर कितपत वाचेल ते त्यानंतर बघू.

गिरणाकाठ

तेल टाकल्यावर आकडा वर आला. म्हणजे रिंगा. इंजिन उतरवायचंच आहे तर मग टर्बोची तयारी आत्ताच करून ठेवू का? आरटीओला अर्ज करतोय, परवानगी आली तरच टर्बो जोडेन. पण पुन्हा इंजिन खोलायला नको.

सातपुडा_चढ (शहादा)

आता मी विरोध करणार नाही. इंजिन खुलं असताना विचारताय, हीच खरी वेळ. टर्बो इंजिनाचेच पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केट मागवा. पण ब्लॉकमध्ये तेलाच्या फवाऱ्यांची भोकं आहेत का हे लेथवाल्याला दाखवा. काही ब्लॉकला कास्टिंगमध्ये जागा असते, फक्त बूच मारलेलं असतं. नसतील तर नवी पाडायच्या फंदात पडू नका, बूस्ट ०.४ वर ठेवा. हेड सपाट करून घ्या, बोल्ट नवे घ्या आणि टॉर्क पान्यानेच आवळा. क्लचप्लेटही बघा, ओढ पाव हिश्शाने वाढली तर जुनी प्लेट घसरणार.

पंपलॅब_धुळे

चेंबर खाली उतरलेला असताना एक काम नक्की करा: टर्बोचं तेल परत यायची नळी. लोक तेल देणाऱ्या लाइनची काळजी करतात. ती सोपी आहे. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून घ्या, बारीक स्टीलची नळी पुरते. पण परतीचं तेल फेसाळलेलं असतं आणि फक्त उतारावर वाहतं, त्याला मागून ढकलणारं कोणी नसतं. नळी आतून किमान १६ ते १८ मिलिमीटर हवी, कुठेही पोट नको, चढ नको, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. ही नळी तुंबली की तेल टर्बोच्या सीलमधून टर्बाइनकडे किंवा इंजिनाच्या हवेत जातं. जुन्या टर्बोचं 'सील गेलं' म्हणून जे सांगतात त्यात कितीदा सील चांगलंच असतं, नळीच चुकीची असते. चेंबरला बॉस (नळी जोडायचं जाड तोंड) वेल्ड करायचा तो आत्ताच, नंतर गाडीखाली झोपून आत ठिणग्या पाडत नको.

मॅनिफोल्ड घरी वेल्ड करू नका. टर्बो इंजिनाचं बिडाचं मॅनिफोल्ड आणा. तापून-निवून घरचं वेल्डिंग तडकतं आणि टर्बोचं वजनही त्याच्यावरच असतं. टर्बो घेताना शाफ्ट बोटाने हलवून बघा. बाजूला किंचित हलला तर चालतो, पुढे-मागे हलत असेल किंवा पाती बॉडीला घासल्याची खूण असेल तर उचलू नका. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो.

एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतची नळी पीव्हीसीची नको. तापून चपटी होते, आणि क्लिप ढिली असेल तर आपली कापसाच्या शेतातली धूळ थेट पात्यांवर जाते.

छोटा_हत्ती_पारोळा

मधेच विचारतो, माझ्या टाटा एसला असं काही होईल का? ७०२ सीसी आहे.

सातपुडा_चढ (शहादा)

नका करू. दोन सिलिंडर, १६ हॉर्सपॉवरचं इंजिन, त्या मापाचा टर्बो मिळणंही अवघड. त्या पैशात नोझल, क्लच आणि ब्रेक करून घ्या. घाटात माल कमी भरा.

गिरणाकाठ

एकच शेवटचं. समजा परवानगी आली आणि टर्बो बसला, तर पहिल्यांदा चालू करताना काय सांभाळायचं? आणि इंजिन स्वतःच्या तेलावर सुटतं म्हणतात, ते खरं का?

पंपलॅब_धुळे

खरं आहे. टर्बोमधून तेल हवेच्या वाटेने आत गेलं की डिझेल इंजिन तेच जाळत राहतं, चावी बंद केली, स्टॉप केबल ओढली तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. पहिल्या स्टार्टला फिल्टरची नळी काढलेली ठेवा आणि टर्बोच्या तोंडाला पूर्ण बसेल अशी जाड लाकडी फळी एका माणसाच्या हातात द्या. सुटलं तर फळी दाबून हवा बंद करायची. हात किंवा कापड कधीच नाही, पाती आत ओढून घेतात. रस्त्यावर झालं तर सगळ्यात वरचा गिअर, पूर्ण ब्रेक, आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

चालू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या तोंडात चांगलं तेल ओता, शाफ्ट हाताने फिरवा. परतीची नळी चेंबरकडून सोडून भांड्यात धरा, स्टॉप केबल ओढून स्टार्टर थोडा-थोडा मारा. भांड्यात तेल आलं की मगच नळी जोडा आणि इंजिन सुरू करा. सुरुवातीला रेस करू नका. तेल १५डब्ल्यू४०, सीआय-४ दर्जाचं, आणि पहिलं तेल लवकर बदला. घाट चढून वर कन्नडला चहाला थांबलात तर इंजिन दोन मिनिटं रिकामं चालू द्या, मग चावी काढा. लगेच बंद केलं तर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच जळून कोळसा होतं.

कागदपत्र_जळगाव

अर्जासोबत टर्बोचं बिल आणि गाडीच्या चेसिस-इंजिन नंबरचा ठसा जोडा. भंगारातून घेतलेल्या मालाचंही बिल मागा. बिल नसेल तर तो टर्बो कोणत्या गाडीचा, हा प्रश्न तुम्हालाच विचारतील.

गिरणाकाठ

ठसा आजच घेतो. रेडिएटर रॉडिंगला गेला, नोझल धुळ्याला पाठवलीत. टर्बोवाल्या इंजिनाचे पिस्टन मिळाले की ब्लॉकमधल्या फवाऱ्यांच्या जागेचा फोटो इथे टाकतो, बघून सांगा.