फादरांच्या रौप्यमहोत्सवासाठी लाकडी प्याला करावा का?

नाशिकरोडकर
आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांच्या गुरुदीक्षेला पुढील वर्षी २५ वर्षे पूर्ण होत आहेत. सुतारकाम मी हौसेने करतो. घरी जुन्या वाड्याच्या दाराचे सागवान आणि शिसवीचा एक चांगला ठोकळा आहे. मिस्सासाठीचा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत द्राक्षारस ठेवण्याचा प्याला शिसवीतून कातून द्यावा असे मनात आहे. तो नियमांत बसेल का? नसल्यास दुसरे काय करावे?

वेदीसेवक
अख्खा लाकडी प्याला करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मिस्साग्रंथाच्या (मिस्साच्या प्रार्थनांच्या पुस्तकाच्या) सर्वसाधारण सूचनांनुसार द्राक्षारस ज्या वाटीत असतो, ती द्रव शोषून न घेणाऱ्या पदार्थाचीच असावी लागते. कठीण लाकडाच्या पवित्र पात्रांचा उल्लेख तिथे आहे खरा, पण तो बिशपांच्या परिषदेच्या संमतीच्या अधीन आहे. प्याल्याची खालची बैठक मात्र दुसऱ्या टिकाऊ आणि साजेशा पदार्थाची चालते, म्हणजे तुमची शिसवी वाया जात नाही. दांडा आणि बैठक तुम्ही काता, चांदीची वाटी सराफाकडून घडवून तिला आतून सोन्याचा मुलामा द्या. वाटी पेचावर बसवा, कारण मुलामा झिजल्यावर तो पुन्हा देताना ती लाकडापासून वेगळी करावी लागेल.

रंधा-पटाशी
वरील माहिती योग्य आहे, तरी मी प्याल्याच्या वाटेला जाणार नाही. अनेक धर्मगुरूंना दीक्षेच्या वेळीच घरच्यांकडून प्याला मिळालेला असतो. त्यापेक्षा वेदीवर मिस्साग्रंथ ठेवण्याचा कलता स्टँड सागवानात करा. तो रोज वापरात राहील. दाराचे लाकूड वर्षानुवर्षे मुरलेले असल्याने सहसा पिळत नाही, पण रंधा मारण्यापूर्वी त्यात मोडलेले खिळे राहिले नाहीत ना, हे लोहचुंबक फिरवून पाहा, नाहीतर पात्याची धार गेलीच म्हणून समजा. ग्रंथ उघडून त्याची रुंदी मोजा. स्टँड बुटका ठेवा, म्हणजे फादरांचा चेहरा लोकांना दिसेल, आणि पुढची पट्टी ग्रंथ घसरणार नाही इतपतच उंच घ्या. चपडा लाखेचे पॉलिश दिसते देखणे, मात्र पाण्याचा थेंब किंवा गरम मेण पडले की पांढरा डाग उमटतो; जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि मध्ये प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. पायांखाली फेल्ट चिकटवायला विसरू नका, वेदीवरचे वस्त्र लाकडाच्या कुसळात अडकते.

वेदीसेवक
स्टँडची सूचना मलाही पटली. प्यालाच करायचा ठरला, तर वापरण्यापूर्वी त्याला आशीर्वाद द्यावा लागतो. पूर्वी हा विधी बिशपांकडे असे, आता कोणताही धर्मगुरू तो करू शकतो. वेदीसाठी क्रूस करण्याचा विचार आला, तर त्यावर ख्रिस्ताची मूर्ती हवी, नुसता क्रूस चालत नाही. देणाऱ्याचे नाव कोरायचेच असेल तर ते तळाशी, दिसणार नाही असे कोरावे.

नाशिकरोडकर
आभार. स्टँडच करतो. शिसवी पुरली तर कडेच्या पट्ट्या तिच्या घेईन. ग्रंथाचे माप येत्या रविवारी मिस्सानंतर साक्रिस्टीत (चर्चमध्ये उपासनेचे साहित्य ठेवण्याच्या खोलीत) जाऊन घेतो, कारण कशासाठी घेतोय हे फादरांना कळता कामा नये.