शब्दचर्चा: कंप्रेसर आवाज 'दाबतो' की 'आवळतो'?

घरी भजनांचं रेकॉर्डिंग करतो, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर मिक्स करतो, आता मंडळातल्या दोघातिघांना हे मराठीतून शिकवायचंय. गाडी अडते ती शेवटच्या मिक्सवर कंप्रेसर (मोठ्या-बारीक आवाजातलं अंतर कमी करणारा) आणि लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) लावतो तिथे. 'दाबणे' म्हटलं की पोरं फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढतात, कारण आपल्याकडे आवाज दाबला म्हणजे बोलूच दिलं नाही. 'संपीडन' म्हणावं तर ते शाळेत ध्वनीच्या धड्यात संपीडन-विरलन म्हणून शिकलेलं, तिथे हवेचे कण जवळ येतात, इथे तसलं काही नाही. मग म्हणायचं काय?

प्रतिसाद
मी 'आवळणे' म्हणतो आणि लोकांना लगेच कळतं. गाठोडं आवळलं की आतलं सामान कमी होत नाही, फक्त जागा कमी लागते. कंप्रेसर हेच करतो, मोठा आणि बारीक आवाज यातलं अंतर कमी करतो, मग सगळं गाठोडं वर उचलायचं, तेच मेकअप गेन. थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून आवळणं सुरू होतं ती पातळी, उणे १८ डेसिबल (इथे शून्य ही कमाल, म्हणून आकडे उणे), रेशो, म्हणजे किती आवळायचं ते प्रमाण, ४:१, आणि आवाज आला उणे ६ वर, म्हणजे १२ ने वर गेला, तर त्यातले ३ च पुढे जातात, बाहेर पडतो उणे १५ वर. अर्थात हे एकट्या गळ्यावर चालेल, पूर्ण मिक्सवर इतकं आवळू नका, दीड किंवा दोनास एक, किती आवळलं ते दाखवणारी सुई १-२ डेसिबल हलली तरी पुष्कळ. दुसरा फायदा असा की 'आवळणे'ला 'सैल सोडणे' ही जोडी तयार आहे, अटॅक म्हणजे किती चटकन आवळायचं, रिलीज म्हणजे किती सावकाश सैल सोडायचं.

प्रतिसाद
आवळणे मान्य. लिमिटरला 'वेसण' कसं वाटतं? खर्चाला वेसण घालतो तसं.

प्रतिसाद
नाही पटत. वेसण घातलेला बैल चालतोच, ओढली की हळू होतो, म्हणजे तो कंप्रेसरच झाला. लिमिटरला मी 'आगळ' म्हणेन, दाराला आतून लावतात ती. उणे १ डेसिबलला लावली की त्याच्या वर काहीही जाणार नाही, कितीही जोर करा. यंत्र एकाच जातीचं असलं तरी रेशो दहास एकच्या पुढे, थेट अनंतापर्यंत गेला की काम बदलतं, म्हणून शब्दही वेगळा हवा.

आणि क्लिपिंगला, म्हणजे कमाल पातळीच्या वर गेलेल्या लाटेची टोकं कापली जातात त्याला, नवीन शब्द शोधूच नका, 'आवाज फाटला' हे मांडववाल्यापासून कीर्तनकारापर्यंत सगळे म्हणतात. पंपिंगला मी 'हापसणे' वापरतो. आमच्या एका भजनात ढोलकी जोरात होती, मास्टरवर, म्हणजे पूर्ण मिक्सवरच्या कंप्रेसरवर, अटॅक १ मिलिसेकंद ठेवला होता, तर प्रत्येक थापेला हार्मोनियम आणि गळा खाली जायचा नि परत वर यायचा, अगदी हापशासारखा, आणि थापेची धारही गेली. अटॅक ३० वर नेला, थाप मोकळी निघून गेली आणि मगच आवळलं गेलं, रिलीज लयीला धरून लांबवला, हापसणं थांबलं. शब्द बरोबर असला की कान पण बरोबर गोष्ट शोधतो, हे मला तेव्हा जाणवलं.

प्रतिसाद
एक भर. 'आवाज' शब्दात व्हॉल्यूम, गळा, गोंगाट सगळंच येतं, त्यामुळे लाउडनेससाठी 'भरीवपणा' म्हणावं असं सुचवते, निदान कानाला किती भरतं ते वेगळं सांगता येतं. हे महत्त्वाचं आहे कारण स्पॉटिफाय प्रत्येक गाणं साधारण उणे १४ लफ्सला (LUFS, लाउडनेसचं एकक) आणतं. तुम्ही आगळीवर रेटून रेटून उणे ७ केलंत तर ते ७ डेसिबल खाली घेणार, म्हणजे मोठेपणा मिळाला नाहीच, थापा मात्र चपट्या झाल्या. आणि आगळ लावताना मीटर ट्रू पीकचा बघा, साधा पीक नाही, कारण दोन सॅम्पलच्या, म्हणजे लाटेच्या मोजलेल्या बिंदूंच्या, मधे लाट वर जाते आणि एमपीथ्री करताना तिथेच फाटतं.

मूळ प्रश्नकर्ता
आभार मंडळी. आवळणे, सैल सोडणे, आगळ, फाटणे, हापसणे हे पाच घेतोय. 'भरीव' बद्दल ताई मला अजून शंका आहे, आमच्याकडे डग्ग्याच्या घुमाऱ्याला भरीव म्हणतात, पोरं बेस वाढवतील. त्याला दुसरं काही सुचलं तर सांगा.